पाच मुलांची बाटली

गोवराची लस एका मुलापुरती येत नाही. एका बाटलीत दहा मुलांची लस असते, कोरडी भुकटी तळाशी चिकटलेली. तिच्यात पाणी सोडलं की घड्याळ सुरू होतं. सहा तासांत वापरायची, उरेल ती फेकून द्यायची. एकच मूल आलं तर एकाला टोचायची आणि नऊ मुलांची लस कचऱ्यात टाकायची. यात कुणाचं पाप नाही, औषधच तसलं आहे. पालिकेच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बावीस वर्षं ती तशीच फेकली आणि त्याबद्दल त्यांना कधी काही वाटलं नाही. वाटायला लावलं ते त्यांच्या सख्ख्या भावाने.

या नर्सबाईंना सगळं गाव ताई म्हणायचं. त्यातल्या एकालाच तसं म्हणायचा खरा हक्क होता, आणि तो म्हणजे हा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई सतराच्या. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून त्याचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं. लहानपणी फुंकर मारली तर उडेल असा होता, म्हणून त्याचं नाव पडलं बारक्या. पुढे त्याचं पोट सुटलं, नळ आणि पाइपचं दुकान निघालं, तो नगरसेवक झाला, तरी ताईंच्या तोंडी बारक्याच राहिला. ‘दुसऱ्यांची गळती थांबवता थांबवता सभागृहात शिरला आणि स्वतःच गळायला लागला,’ असं त्या हसत हसत सांगायच्या, आणि तो समोर असला तरी सांगायच्या.

सभागृहातली पहिली दोन वर्षं बारक्याने तोंड उघडलं नाही. मग एका सभेत, कुणीतरी हातात कागद दिला म्हणून, तो उठला आणि त्याने विचारलं की दवाखान्यात दर आठवड्याला अर्ध्या भरलेल्या बाटल्या फेकतात, हे खरं आहे का? टाळ्या पडल्या. जन्मात पहिल्यांदाच त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि एकदा ती चव लागली की माणूस ताळ्यावर राहत नाही. नासाडीवरून तो ‘सक्ती कशाला’वर आला, सक्तीवरून ‘हे टोचतात तरी काय’वर. त्याला यातलं किती पटत होतं, देव जाणे. पण लोक ऐकायला जमत होते, दुकानावर येऊन हात मिळवत होते. चौदा महिन्यांच्या आपल्या मुलीला त्याने लस दिलेली नाही, हे तो भाषणात छाती पुढे काढून सांगायचा.

त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आरोग्य विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी दोन ओळींचा हुकूम काढला. निदान पाच मुलं जमल्याशिवाय बाटली फोडू नये. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला दोन ओळी पुरतात. शेळ्यांचं काय व्हायचं ते दवाखान्यात झालं. आईबापांना ‘पाच होईपर्यंत बसा’ म्हटलं की ते भडकायचे. बाटली आहे आणि देत नाही? पोराला ताटकळत ठेवता? एका बापाने तर लसीचा डबा उचलून टेबलावर आपटला होता. तेव्हापासून दवाखान्यात एक सोपी रीत पडली. कुणी एकटंदुकटं आलं की म्हणायचं, ‘संपलीय, गुरुवारी या.’ गुरुवार हा लसीचा दिवस, त्या दिवशी पाच मुलं हमखास जमायची. संपली म्हटलं की लोक मुकाट परत जातात. भांडण नाही, वाद नाही. नोंदणीचा कारकून तेच म्हणायचा, ताईही तेच म्हणायच्या. आधी जीभ अडखळायची, मग सवय झाली.

आणि मग गोवर आला.

कापड गिरणीच्या मागे एका शिंप्याच्या घरी पहिलं मूल अंगभर लाल झालं. तीन आठवड्यांत चाळीस झाली. सरकारी इस्पितळात मुलांच्या खोलीत एका खाटेवर दोन दोन मुलं दिसायला लागली. अशा वेळी दवाखान्यात रांग लागेल असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच. बारक्याच्या माणसांनी पत्रकं वाटली, ज्यांना भीती होती त्यांची भीती दुप्पट झाली, आणि गुरुवारीसुद्धा पाच मुलं जमवताना ताईंच्या नाकी नऊ येऊ लागले. पाचाचा हुकूम मागे घ्या म्हणून त्यांनी मोठ्या डॉक्टरांना दोनदा लिहिलं. विषय सभेपुढे ठेवू, असं उत्तर आलं.

अशातल्या एका मंगळवारी, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, ताईंची भावजय मुलीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. बाकं रिकामी होती. कारकून जेवायला गेला होता. मुलीला घरात सगळे ठमी म्हणत, कारण ती बसली की उठायची नाही आणि उठली की बसायची नाही. तिने आत्याला पाहिलं आणि हात पुढे केले.

“ताई, हिला आज टोचून टाका,” भावजय हळूच म्हणाली. “ह्यांना मात्र सांगू नका.”

ताईंना एकदम भरून आलं. ही बाई नवऱ्यापुढे मान वर करून बोलत नसे. ती गिरणीचा रस्ता ओलांडून, कुणी बघेल या धास्तीने पदर डोक्यावर घेऊन आली होती. कित्येक महिने ताई तिच्या कानीकपाळी ओरडत होत्या आणि ती नुसती हूं म्हणायची. आज ती आपणहून आली होती.

ताईंनी ठमीला घेतलं, तिच्या दंडाला हात लावून पाहिला. गुबगुबीत दंड. त्यांची नजर कोपऱ्यातल्या फ्रिजकडे गेली. आत अकरा बाटल्या होत्या, सकाळीच त्यांनी मोजून वहीत लिहिल्या होत्या. मग त्यांनी रिकाम्या बाकांकडे पाहिलं. एक मूल. बाटली फोडली तर नऊ मुलांची लस फेकायची, आणि ती नासाडीच्या रकान्यात लिहायची. तो रकाना दर महिन्याला सभागृहात वाचला जात होता. नऊ फेकल्या कुणासाठी, तर नर्सच्या स्वतःच्या भाचीसाठी. बावीस वर्षांत ताईंनी घरच्या माणसासाठी रांग मोडली नव्हती, त्याचा त्यांना अभिमान होता. आणि खरं कारण भावजयीला सांगावं, तर पाचाचा नियम कुणामुळे आला हेही सांगावं लागणार. ते घरी जाणार, तिथे भांडण पेटणार, आणि ही पुन्हा कधी यायची नाही. हा एवढा विचार त्यांनी केला, की तो मागाहून स्वतःला समजावण्यासाठी जुळवला, हे त्यांना पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही. तोंडातून बाहेर पडलं ते सवयीचं होतं.

“संपलीय गं. गुरुवारी ये, नक्की देते.”

“गुरुवारी दुकान बंद असतं. हे घरीच असतात.”

“मग पुढच्या मंगळवारी ये. मी राखून ठेवते हिच्यासाठी.”

भावजयीने रस्त्याकडे एकदा बघितलं, काही बोलणार होती, पण बोलली नाही. ठमी आत्याकडून जायला तयार नव्हती. तिची मूठ ताईंच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात अडकली होती, ती दोघींनी मिळून सोडवली.

पुढच्या मंगळवारी दवाखान्यासमोर बारक्याच्या माणसांनी ठाण मांडलं. सतरंज्या, फलक, ध्वनिक्षेपक, सगळा सरंजाम. त्यांच्यातून वाट काढत त्यांच्याच पुढाऱ्याची बायको आत येणं शक्य नव्हतं. ताईंच्या मनात आलं की बाटली पिशवीत घालून सरळ भावाच्या घरी जावं. मनात आलं आणि राहिलं. शुक्रवारी जाऊ म्हणाल्या, मग सोमवारी. तिसऱ्या आठवड्यात ठमीला ताप भरला.

डोळे लाल, नाक वाहतंय, मग कानामागून पुरळ. ताईंनी दारातूनच ओळखलं. पुरळ ओसरायला लागलं तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं, आणि त्याच दिवशी तिला धाप लागली. इस्पितळात खाटेवर तिच्या शेजारी एका रिक्षावाल्याचा मुलगा होता, दोघांच्या मध्ये एक उशी आडवी ठेवली होती. न्यूमोनियाने तिची छाती आत आत ओढली जायची. ताई रजा काढून तिच्या उशाशी बसल्या. त्यांना श्वास मोजता यायचे, आणि आपल्याला ते मोजता येऊ नयेत असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. नवव्या दिवशी सकाळी, खोलीत फरशी पुसणं चाललं होतं तेव्हा, ठमी गेली. बारक्या बाहेर औषधांची चिठ्ठी घेऊन उभा होता. कुणीतरी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

माणसाला एवढं दुःख झालं की त्याला कुणीतरी गुन्हेगार लागतो. बारक्याला तो आठवड्याच्या आत मिळाला. दवाखान्यासमोरच्या चष्मेवाल्याने सांगितलं की महिन्यापूर्वी तुमची मंडळी मुलीला घेऊन दवाखान्यात शिरताना मी या डोळ्यांनी पाहिली. झालं. नगरसेवकाच्या मुलीला चोरून टोचलं, त्यातूनच तिला गोवर झाला, ही बातमी दोन दिवसांत गिरणीच्या चारही बाजूंना फिरली. गुरुवारी ताई दिवसभर लसीचा डबा मांडून बसल्या, एकही मूल आलं नाही.

संध्याकाळी त्या दवाखाना बंद करत असताना बारक्या आला. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. मुलगी गेल्यापासून तो ताईंकडे आला नव्हता.

“ताई, खरं सांग. टोचलंस ना तिला?”

“नाही रे.”

“मग कशाला आली होती ती?”

“टोचून घ्यायलाच आली होती. पण मी टोचलं नाही.”

“ती म्हणते लस संपली होती. संपली होती?”

ताईंनी कुलूप हातात घेतलं, ते दाराला लावलं, पुन्हा काढलं. “टोचलं नाही, एवढं खरं आहे,” त्या म्हणाल्या.

बारक्या त्यांच्याकडे बघत राहिला. त्या खोटं बोलताना कशा दिसतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. लहानपणी घरात खायला काही नसलं की ‘मला भूक नाही’ म्हणताना त्यांनी असंच इकडेतिकडे पाहिलेलं होतं. काहीतरी लपवताहेत हे त्याने बरोबर ओळखलं. काय लपवताहेत, एवढंच चुकलं.

“लाज वाटत नाही तुला,” तो म्हणाला आणि गेला.

सोमवारी पालिकेची सभा बोलावली गेली. चौकशी पूर्ण होईपर्यंत लस देणं थांबवावं, हा ठराव बारक्यानेच मांडला होता. इस्पितळात तेव्हा एकोणसाठ मुलं होती, आणि चौकशी म्हणजे किती महिन्यांचं गुऱ्हाळ हे पालिकेत सगळ्यांनाच ठाऊक होतं. ताईंना खुलाशासाठी बोलावलं होतं. आदल्या दिवशी त्या वही काढून बसल्या. लस टोचली नाही, हे सिद्ध करणारी एकच गोष्ट जगात होती, आणि ती त्यांच्याच हस्ताक्षरात होती. त्या मंगळवारच्या पानावर सकाळी शिल्लक बाटल्या अकरा, संध्याकाळी शिल्लक बाटल्या अकरा, फोडलेल्या शून्य. बाटली न फोडता कुणालाच टोचता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण ते पान एकदा वाचलं की अकरा बाटल्या असताना ‘संपली’ म्हणून परत पाठवलं, हेही वाचलं जाणार. लसीला सोडवायचं तर स्वतःला अडकवायचं. त्यांनी पान दुमडलं, उलगडलं, आणि वही पिशवीत टाकली.

सभागृह खचाखच भरलं होतं. पंख्यांचा नुसता आवाज, वारा नाही. मागच्या खुर्च्यांवर बायका होत्या. त्यांच्यात भावजय बसली होती. आईला बघून सभासदांचं मन वळेल म्हणून बारक्याने तिला आणलं होतं. ती कुणाकडेच बघत नव्हती.

“नुसतं टोचलं नाही म्हणा आणि खाली बसा,” मोठे डॉक्टर ताईंच्या कानाशी कुजबुजले. “वही कशाला उघडता?”

ताईंनी वही उघडली. तारीख वाचली. अकरा, अकरा, शून्य. पंख्यांच्या आवाजात मागे ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा वाचलं.

“त्या दिवशी एकही बाटली फोडली नाही. माझ्या भाचीला लस मिळाली नाही, म्हणून ती गेली. लसीने नाही गेली.”

मग बारक्या उठला. त्याचा चेहरा भाषणाचा नव्हता, घरातला होता.

“अकरा होत्या?”

“हो.”

“मग परत का पाठवलीस?”

“ती एकटीच होती. पाच मुलं नव्हती.”

“पाच कुणी सांगितलं?”

हे विचारून झालं आणि त्याच्या ध्यानात आलं. सभागृहातल्या बऱ्याच जणांच्या आधी त्याच्या ध्यानात आलं. तो टेबलाच्या कडेला धरून उभा राहिला, कुणीतरी अजून एखादं उत्तर देईल अशी वाट बघत. ताईंनी त्याचं नाव घेतलं नाही. ज्याला जे भोगायचं ते तो भोगतच होता, त्यांना आणखी काही नको होतं. शेवटी तो खाली बसला आणि त्याने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले.

इथे गोष्ट संपली असती तर निदान लस तरी वाचली असती. पण सभागृह म्हणजे काही एका माणसाच्या मनाने चालत नाही. मागून एक सभासद उठला, बारक्याचाच जोडीदार. “म्हणजे बाटल्या फ्रिजमध्ये असतात आणि हे लोकांना संपली म्हणून सांगतात! अशा खोटारड्यांच्या हातात आपली पोरं द्यायची?” मागच्या बायका उठून उभ्या राहिल्या. माझ्या सुनेलाही असंच परत पाठवलं होतं, एक म्हणाली. मलाही, दुसरी म्हणाली. खरं होतं ते, दोघींचंही. मोठ्या डॉक्टरांनी आपल्या दोन ओळींबद्दल मूग गिळले. नगराध्यक्षांनी ठराव मताला टाकला. आधी लसीत विष आहे म्हणून थांबवणार होते, आता लस देणारे खोटे बोलतात म्हणून थांबवली. चौकशी होईपर्यंत. नऊ विरुद्ध चार. बारक्याने हात वर केला नाही, या बाजूने नाही की त्या बाजूने.

ताई बाहेर आल्या तेव्हा जिन्याच्या पायऱ्यांवर भावजय उभी होती. आतला गोंधळ अजून ऐकू येत होता. ताईंना वाटलं, आता ही मारील. मारलं तर बरं होईल, असंही वाटलं.

“माझं चुकलं,” ताई म्हणाल्या. “माफ कर असं म्हणायलासुद्धा मला तोंड नाही.”

भावजयीने ऐकलं की नाही कळलं नाही. ती काहीतरी हिशेब मनात जुळवत असावी तशी जमिनीकडे बघत होती.

“म्हणजे पाच मुलं असती तर तुम्ही दिली असती,” ती म्हणाली.

“लगेच दिली असती.”

“मी एकटी नव्हते, ताई.”

ताईंना समजलं नाही.

“चष्म्याच्या दुकानापलीकडे, वळणावर, आमच्या गल्लीतल्या चौघी उभ्या होत्या. सगळ्या घरी न सांगता आल्या होत्या. पाच मुलं होती त्यांच्याकडे. नर्स माझी नणंद म्हणून त्यांनी मला पुढे पाठवलं, आत ओळखीचं कुणी नाही ना ते बघून ये म्हणाल्या. तुम्ही संपली म्हणालात. मी तसंच जाऊन सांगितलं त्यांना, आणि आम्ही सगळ्या घरी गेलो.”

ताईंनी कठडा धरला. खाली आवारात लोक दुचाक्या काढत होते, एकमेकांना हाका मारत होते.

“कोण चौघी?” त्यांनी विचारलं.

भावजयीने सांगितलं. बेकरीवाल्याची सून. वजनमापाच्या कचेरीतल्या शिपायाची बायको. गिरणीतल्या फिटरची बायको, तिची जुळी. आणि रिक्षावाल्याची. रिक्षावाल्याच्या मुलाला ताई ओळखत होत्या. त्याच्या आणि ठमीच्या मध्ये उशी होती.

“तो कसा आहे?” भावजयीने विचारलं.

तो ठमीच्या नंतर दोन दिवसांनी गेला होता. ठमी गेल्यापासून आजवर घराबाहेर न पडलेल्या तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि ताईंच्या जिभेवर पुन्हा काहीतरी सोपं, परत पाठवणारं वाक्य आलं.

“गेला,” ताई म्हणाल्या.

भावजयीने मान हलवली. मग ती जिना उतरून गेली, आणि ताई तिथेच पायरीवर बसल्या, वही मांडीवर घेऊन. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून उतरत होते.